पोलादाचे नायट्राइडीकरण : पृष्ठभागावरील थरांची जडणघडण

यंत्राच्या अनेक भागांकडून दोन परस्परविरुद्ध गुणांची अपेक्षा केली जाते. आतला गाभा चिवट असावा, म्हणजे धक्का बसला असता तो तुटणार नाही; आणि पृष्ठभाग कठीण असावा, म्हणजे घर्षणाने तो झिजणार नाही. पृष्ठभागात कार्बन भरून पोलाद एकदम निवविण्याची जुनी रीत हे दोन्ही गुण साधते. पण त्यासाठी पोलाद ९०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापवावे लागते आणि निवविताना ते वाकते अथवा मापाबाहेर जाते. नायट्राइडीकरणात, म्हणजेच कारखान्यांतील भाषेत नायट्रायडिंगमध्ये, ही अडचण बरीचशी टळते. ही क्रिया ५०० ते ५७० अंशांच्या दरम्यान चालते. ह्या उष्णतामानास पोलादाच्या मूळ स्फटिकरचनेत स्थित्यंतर होत नाही आणि शेवटी ते एकदम निवविण्याचीही गरज पडत नाही. तयार झालेला दंतचक्राचा वा भुजादंडाचा भाग जवळजवळ आपल्या मूळ मापातच भट्टीबाहेर येतो.

अशा भागाचा आडवा छेद घेऊन, तो घासून चकचकीत करून, अल्कोहोलातील सौम्य नायट्रिक अम्लाने कोरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर दोन निरनिराळे प्रदेश दिसतात. सर्वांत बाहेर एक अरुंद, शुभ्र पट्टी असते. तिच्यावर अम्लाचा परिणाम होत नाही म्हणून ती पांढरी राहते आणि म्हणूनच कारागीर तिला 'पांढरा थर' म्हणतात. तिची जाडी सामान्यतः ५ ते २५ मायक्रॉन असते. तिच्या खाली ०.३ ते ०.६ मिलिमीटर खोलीपर्यंत एक काळसर प्रदेश असतो आणि तो हळूहळू गाभ्यात मिसळून जातो. पहिल्यास संयुग-थर व दुसऱ्यास विसरण-पट्टा असे म्हणता येईल. दोन्ही एकाच नायट्रोजनपासून बनतात. परंतु त्यांच्या घडणीची कारणे भिन्न आहेत, गुण भिन्न आहेत आणि दोषही भिन्न आहेत. 'कठीण पृष्ठभाग' ह्या एकाच शब्दात दोहोंची गणना केली, तर भट्टी चालविणाऱ्याची आणि आराखडा काढणाऱ्याची सारखीच फसगत होते. ह्या दोन थरांची उपपत्ती लावताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ही सारी क्रिया अपूर्ण राहिलेल्या रासायनिक समतोलावर उभी आहे. ज्या असमतोलामुळे थर वाढतो, तोच असमतोल पुढे त्या थरास पोखरूही लागतो.

पूर्वेतिहास

तापलेल्या लोखंडावरून अमोनिया वायू नेला असता लोखंड ठिसूळ होते, ही गोष्ट १९ व्या शतकातील रसायनज्ञांस ठाऊक होती. ह्या दोषातून उपयोग काढण्याचा प्रयत्न मात्र पुढील शतकात झाला. अमेरिकेत अ‍ॅडॉल्फ मॅक्लेट यांनी अमोनियाच्या साहाय्याने पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या रीतीसाठी १९०८ मध्ये एकस्वाचा अर्ज केला व १९१३ मध्ये त्यांस एकस्व मिळाले. पण साध्या पोलादावर मिळणारे फळ बेताचेच होते. जर्मनीतील एसेन येथील क्रुप कारखान्यात अ‍ॅडॉल्फ फ्राय यांनी १९२० नंतरच्या वर्षांत हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. वायूपेक्षा पोलादाची घटना महत्त्वाची आहे, हे त्यांनी ओळखले. अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम यांसारख्या नायट्रोजनची ओढ असलेल्या धातूंचे थोडे प्रमाण पोलादात असेल, तरच पृष्ठभागास असामान्य कठिणता येते, असे त्यांनी दाखवून दिले. खास नायट्राइडीकरणासाठी बनविलेल्या मिश्रपोलादांची परंपरा तेव्हापासून सुरू झाली.

अमोनियाच का?

हवेत चार पंचमांश नायट्रोजन असताना भट्टीत अमोनियाच का सोडावा लागतो, हा प्रश्न साहजिक आहे. नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात, की ५२० अंश उष्णतामानास आणि साध्या वातावरणीय दाबाखाली त्यांचा लोखंडावर व्यवहारतः काहीच परिणाम होत नाही. लोखंडाची नायट्राइडे नायट्रोजन वायूशी समतोलात टिकवून धरावयाची, तर ह्या उष्णतामानास हजारो वातावरणांइतका दाब द्यावा लागेल. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर लोह-नायट्राइड हा पदार्थ ह्या परिस्थितीत मुळातच अस्थिर आहे. लोखंड आणि नायट्रोजन वायू अशी आपली फाळणी व्हावी, हीच त्याची प्रवृत्ती असते.

अमोनियाचीही स्थिती अशीच आहे. ५२० अंशांस व एक वातावरण दाबास समतोल प्रस्थापित झाला, तर भट्टीत अमोनियाचा अंश एक टक्क्याहून किती तरी कमी उरेल; बाकी सर्व हायड्रोजन आणि नायट्रोजन होईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पोकळीत फिरणारा अमोनियाचा रेणू आपण होऊन सहसा मोडत नाही. तो मोडतो लोखंडाच्या पृष्ठभागी. तेथे त्याचे तीन हायड्रोजन-अणू एकामागून एक सुटतात आणि एकटा नायट्रोजन-अणू पृष्ठभागास चिकटून राहतो. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : लोखंडाच्या आत शिरणे, किंवा शेजारच्या दुसऱ्या नायट्रोजन-अणूशी जोडी जमवून वायुरूपाने निघून जाणे. दुसरा मार्ग अधिक स्थिर अवस्थेकडे नेणारा असला, तरी तो मंद आहे. पहिला त्यामानाने सुकर आहे. लोखंडाचा उत्प्रेरक वापरून अमोनिया बनविण्याच्या क्रियेत नायट्रोजनच्या रेणूचे विभाजन हाच सर्वांत कठीण टप्पा असतो, हे पृष्ठभाग-रसायनातील ज्या संशोधनाने सिद्ध झाले, त्याबद्दल गेरहार्ट एर्टल यांस २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. नायट्राइडीकरणात त्याच टप्प्याची उलट वाट, म्हणजे दोन अणूंची जोडणी, मंद असते. त्या मंदपणाच्या अवधीतच नायट्रोजन पोलादात शिरून घेतो.

म्हणून भट्टीतील वायूची नायट्रोजन देण्याची शक्ती नायट्रोजन वायूच्या प्रमाणावर अवलंबून नसते. ती अमोनिया आणि हायड्रोजन यांच्या प्रमाणावर ठरते. अमोनियाच्या अंशदाबास हायड्रोजनच्या अंशदाबाच्या दीडाव्या घाताने भागले असता जी राशी मिळते, तिला नायट्राइडीकरण-विभव म्हणतात. कोणत्या उष्णतामानास आणि कोणत्या विभवास शुद्ध लोखंडाच्या पृष्ठभागी कोणती प्रावस्था असेल, हे दर्शविणारा नकाशा ई. लेरर यांनी १९३० मध्ये चुंबकीय मापनांच्या आधारे प्रसिद्ध केला. आजही भट्टीचे नियंत्रण त्या नकाशावरूनच होते.

शुद्ध लोखंडावरील संयुग-थर

प्रथम शुद्ध लोखंडाचे साधे उदाहरण घ्यावे. नायट्रोजनचा अणू लहान असल्यामुळे तो लोखंडाच्या अणूंची जागा न घेता त्यांच्यामधील फटींत बसतो. परंतु फेराइट-लोखंडात तो फार थोडा मावतो. ५९२ अंशांस ही मर्यादा सुमारे ०.१० टक्के असते आणि ५२० अंशांस ती ०.०६५ टक्क्याच्या आसपास उतरते. पृष्ठभागी येणारा नायट्रोजन आत विसरत जातो. पण वायूचा पुरवठा जोरदार असल्यास पृष्ठभागावरील प्रमाण लवकरच ह्या मर्यादेपलीकडे जाते. मग ठिकठिकाणी गॅमा-प्राइम नायट्राइडाची बीजे धरू लागतात. ह्या प्रावस्थेत चार लोह-अणूंमागे एक नायट्रोजन-अणू असतो आणि वजनाने नायट्रोजन सुमारे ५.९ टक्के असतो. ही बीजे आडवी पसरून एकमेकांस मिळतात आणि सलग थर तयार होतो. वायूचे विभव आणखी वरचे असल्यास ह्या थराच्या बाहेरील अंगास नायट्रोजनने अधिक समृद्ध अशी एप्सिलॉन प्रावस्था निर्माण होते. बाहेरून आत जाताना एप्सिलॉन, गॅमा-प्राइम, फेराइट असा नायट्रोजनच्या उतरत्या प्रमाणाचा क्रम लागतो.

ह्या थरांच्या सीमा सूक्ष्मदर्शकाखाली रेखीव दिसतात; दोन प्रावस्थांची सरमिसळ असलेला पट्टा त्यांच्यामध्ये आढळत नाही. लोखंड आणि नायट्रोजन ह्या दोनच घटकांच्या संहतीत, उष्णतामान व दाब स्थिर असताना, दोन प्रावस्था एकत्र नांदू लागल्या की प्रावस्था-नियमाप्रमाणे नायट्रोजनची क्रियाशीलता ठरून जाते. जेथे क्रियाशीलतेस उतार नाही तेथे विसरणास प्रेरणा नाही. म्हणून जाडी असलेला मिश्र पट्टा टिकू शकत नाही. तिसरा घटक, उदाहरणार्थ कार्बन, आला की हे बंधन सैल होते. प्रत्यक्ष पोलादातील संयुग-थरात एप्सिलॉन व गॅमा-प्राइम एकमेकांत गुंतलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच. एप्सिलॉन प्रावस्थेत कार्बन सहज सामावतो, त्यामुळे पोलादातील कार्बन तिच्या निर्मितीस हातभार लावतो. मात्र ह्या दोन प्रावस्थांची स्फटिकरचना आणि उष्णतेने प्रसरण पावण्याचे मान ही भिन्न आहेत. त्यांच्या सांध्यांवर ताण साचतो आणि तडा जाण्यास तेथूनच सुरुवात होते.

सलग थर एकदा जमला की पुढील वाढ विसरणाच्या स्वाधीन होते. नायट्रोजन-अणूस आता थर ओलांडूनच आत जावे लागते, आणि नायट्राइडातील त्याची गती फेराइटमधील गतीपेक्षा किती तरी पटींनी मंद असते. थर जितका जाड, तितकी वाट लांब. म्हणून जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ह्या नियमास दोन्ही टोकांना अपवाद आहेत. आरंभी पृष्ठभागावरील रासायनिक क्रियाच मंद असल्यामुळे बीजे धरण्यास काही काळ जावा लागतो. पृष्ठभागी तेलाचा अंश अथवा क्रोमियमयुक्त ऑक्साइडाचे पटल असेल, तर हा काळ जागोजागी कमीअधिक होऊन थर ठिगळांसारखा उमटतो. भाग भट्टीत घालण्यापूर्वी काटेकोरपणे स्वच्छ करावे लागतात, ते ह्यासाठीच. दुसरा अपवाद क्रियेच्या उत्तरार्धातील आहे व तो अधिक महत्त्वाचा आहे.

थरातील छिद्रे

संयुग-थराचा बाह्य भाग पुष्कळदा बारीक छिद्रांनी भरलेला आढळतो. ही छिद्रे बाहेरून पडत नाहीत. नायट्राइड मुळात अस्थिर आहे, हे वर सांगितलेच आहे. त्याच्यातील नायट्रोजन-अणूंस स्फटिकांच्या सीमांवर अथवा अन्य दोषस्थानी जोडी जमविण्यास वाव मिळाला, की तेथे नायट्रोजन वायू बनू लागतो. समतोलाच्या हिशेबाने ह्या वायूचा दाब हजारो वातावरणांपर्यंत चढू शकतो. इतका दाब सोसणे नायट्राइडास शक्य नसते आणि तेथे पोकळी फुगते. थराचा बाहेरचा भाग हा सर्वांत आधी तयार झालेला, म्हणून वयाने सर्वांत मोठा. शिवाय तेथेच नायट्रोजनचे प्रमाण सर्वाधिक. साहजिकच छिद्रे तेथे प्रथम व अधिक दिसतात. पुढे ती स्फटिक-सीमांच्या रेषेने एकमेकांस मिळून पृष्ठभागापर्यंत उघडणाऱ्या वाटा तयार होतात.

ज्या प्रवृत्तीला मंदपणाने रोखून धरल्यामुळे नायट्रोजन पोलादात शिरला, तीच प्रवृत्ती थराच्या आत सावकाश का होईना आपले काम करीत असते. भट्टीत काळ वाढवीत गेल्याने थर निव्वळ जाड होत नाही, तो जीर्णही होतो. छिद्रमय एप्सिलॉन थर सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मात्र नाही. हलक्या भाराखाली घसरणाऱ्या भागांत ही छिद्रे वंगण धरून ठेवतात, आणि नंतर ऑक्सिडीकरण केल्यास असा थर गंजास चांगला विरोध करतो. परंतु दंतचक्राच्या दातांवर भारी दाब येत असल्यास ठिसूळ थराचे कपचे निघतात, आणि ते वंगणातून फिरून इतर पृष्ठभागही ओरखडतात.

विसरण-पट्टा आणि खरी कठिणता

साध्या लोखंडात संयुग-थराखालील भाग फारसा कठीण होत नाही. सावकाश निवताना त्यात मुरलेला नायट्रोजन गॅमा-प्राइमच्या सुयांच्या रूपाने बाहेर पडतो, एवढेच. मिश्रपोलादाची गोष्ट निराळी. जुन्या ब्रिटिश मानकात ईएन ४१ बी ह्या नावाने नोंदलेले पोलाद उदाहरणादाखल घेता येईल. त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन, १.६ टक्के क्रोमियम, १ टक्का अ‍ॅल्युमिनियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असते. नायट्रोजन आत येताच क्रोमियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे अणू त्यास पकडतात आणि फेराइटच्या स्फटिकांतच अवघ्या काही नॅनोमीटर मापाचे नायट्राइडाचे कण साकळतात. भोवतालच्या जालकाशी ते सलग जोडलेले असतात. परंतु त्यांना अधिक जागा हवी असल्यामुळे जालक ताणले जाते आणि धातूच्या विरूपणास कारणीभूत होणाऱ्या विस्थापन-रेषांची वाट अडते. पृष्ठभागाची कठिणता व्हिकर्स मापाने १,००० च्या घरात जाते, ती ह्यामुळे. शिवाय प्रसरण पावू पाहणाऱ्या ह्या पट्ट्यास आतला गाभा जखडून ठेवतो, म्हणून पट्ट्यात दाबाचा अवशिष्ट ताण राहतो. वारंवार उलटसुलट भार सोसणाऱ्या भुजादंडात शिणवट्याची तड सहज सुरू होत नाही, याचे श्रेय मुख्यतः ह्या दाबास द्यावे लागते. ते श्रेय पांढऱ्या थराचे नव्हे.

हा पट्टा इतक्या सावकाश का वाढतो, हे एका साध्या गणिताने कळते. ५२० अंशांस फेराइटमध्ये नायट्रोजनचा विसरण-गुणांक सेकंदास सुमारे १/२,००,००० चौरस मिलिमीटर इतका आहे. केवळ त्यावरून पाहिले, तर ६० तासांत नायट्रोजनने सुमारे एक मिलिमीटर मजल मारावयास हवी. परंतु वाटेतील प्रत्येक अ‍ॅल्युमिनियम-अणू आणि क्रोमियम-अणू त्याचा वाटा मागून घेतो. १ टक्का अ‍ॅल्युमिनियमचे पूर्ण नायट्राइड होण्यास ०.५२ टक्के, आणि १.६ टक्के क्रोमियमसाठी ०.४३ टक्के, असा एकंदर ०.९५ टक्के नायट्रोजन लागतो; आणि फेराइटमधून वाहून आणता येतो तो जास्तीत जास्त ०.०६५ टक्के. मागची भरपाई झाल्याखेरीज सीमारेषा पुढे सरकत नाही. अशा वेळी खोलीचा वर्ग हा विसरण-गुणांक, काळ आणि ह्या दोन प्रमाणांचे गुणोत्तर यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो. आकडे घातले असता ६० तासांस सुमारे ०.१५ चौरस मिलिमीटर, म्हणजेच जवळजवळ ०.४ मिलिमीटर खोली येते. काही क्रोमियम कार्बाइडांत अडकलेले असते, ही गोष्ट ह्या हिशेबात धरलेली नाही. तरीही उत्तर भट्टीतील अनुभवाशी जुळते. खोली दुप्पट हवी असेल, तर काळ चौपट, म्हणजे २४० तास, दहा अहोरात्र लागतील. मिश्रधातू वाढविले की कठिणता वाढते आणि खोली घटते, हेही ह्याच गणितातून निघते. दोन्ही लाभ एकाच वेळी पदरात पडत नाहीत.

नियंत्रणाचे उपाय

विसरण-पट्ट्याला वरून फेराइटच्या मर्यादेइतका नायट्रोजन मिळाला की पुरते. त्याहून अधिक पुरविलेला नायट्रोजन मुख्यतः पांढरा थर जाड करण्यात खर्च होतो. ह्या विचारावर आधारलेली द्विपदी रीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे कार्ल फ्लो यांच्या नावाने ओळखली जाते. पहिल्या पदात भट्टीतील वायूचे विघटन १५ ते ३० टक्के राखून पृष्ठभागास लवकर नायट्रोजन देतात. दुसऱ्या पदात उष्णतामान थोडे वाढवून विघटन ६५ ते ८५ टक्क्यांवर नेतात. विघटन मोजण्याची जुनी युक्तीही सोपी आहे : काचेच्या मापकनळीत भट्टीतील वायू भरून पाणी सोडले की अमोनिया त्यात विरघळतो आणि उरलेल्या वायूचे घनफळ हेच विघटित भागाचे प्रमाण ठरते.

ह्या दोन पदांतील फरक दिसतो त्याहून किती तरी मोठा आहे. शुद्ध अमोनिया सोडलेल्या भट्टीत विघटन ३० टक्के असता अमोनियाचा अंशदाब ०.७० आणि हायड्रोजनचा ०.२२५ वातावरण असतो. नायट्राइडीकरण-विभव सुमारे ६.५ येते. विघटन ८० टक्के असता हेच आकडे ०.२० व ०.६० होतात आणि विभव ०.४३ वर उतरते. विघटन अडीच-पावणेतीन पटींनी वाढले, पण विभव पंधरा पटींनी घटले. लेररच्या नकाशावर पहिला बिंदू एप्सिलॉनच्या क्षेत्रात, तर दुसरा गॅमा-प्राइमच्या क्षेत्रात पडतो. आधुनिक भट्ट्यांत हायड्रोजन-मापक सतत चालू ठेवून विभव इच्छित मूल्यावर स्थिर राखतात.

दुसरा उपाय विद्युत्-विसर्जनाचा आहे. जर्मनीत बेर्नहार्ड बेर्गहाउस यांनी १९३० नंतरच्या दशकात ह्या रीतीचा पाया घातला. काही मिलिबार इतक्या अल्प दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचे मिश्रण ठेवून, पोलादाचा भाग ऋणाग्र करून, शेकडो व्होल्टांचे विद्युत्-विभवांतर लावतात. भागाभोवती प्रभा दिसू लागते. येथे नायट्रोजनच्या रेणूचा घट्ट बंध विजेच्या शक्तीने तुटतो, त्यामुळे अमोनियाची गरज उरत नाही. आणि मिश्रणातील नायट्रोजनचा अंश कमी करून पांढरा थर अत्यंत पातळ ठेवता येतो, किंबहुना टाळताही येतो. आयनांच्या माऱ्याने ऑक्साइडाचे पटलही झडते. मात्र थरांच्या घडणीचे नियम तेच राहतात. बदलते ती नायट्रोजन पुरविण्याची तऱ्हा.

यावरून नायट्राइडीकरणाची मागणी केवळ कठिणतेच्या एका आकड्याने करणे अपुरे कसे ठरते, हे स्पष्ट व्हावे. एकच आकडा दाखविणारे दोन भाग सूक्ष्मदर्शकाखाली सर्वस्वी भिन्न असू शकतात : एकावर ४ मायक्रॉनचा दाट गॅमा-प्राइम थर, तर दुसऱ्यावर २५ मायक्रॉनचा, अर्धाअधिक छिद्रमय एप्सिलॉन थर. भारी दाबाच्या दंतचक्रास पहिला मानवेल. वंगण धरून घसरणाऱ्या किंवा गंजाशी सामना करणाऱ्या भागास दुसऱ्याचा विचार करता येईल. म्हणून विसरण-पट्ट्याची खोली, संयुग-थराची जाडी, त्यातील प्रावस्था आणि छिद्रमय भागाचे प्रमाण ह्या चारही गोष्टी आराखड्यावर स्वतंत्रपणे नोंदविणे इष्ट होय. पहिली गोष्ट मुख्यतः पोलादाची घटना, उष्णतामान आणि काळ यांवर ठरते. उरलेल्या तिन्हींवर वायूच्या विभवाचा अंमल चालतो. ही विभागणी ध्यानात ठेवली, तर नायट्राइडास मोडू पाहणाऱ्या प्रवृत्तीस आपला डाव साधण्यापूर्वीच भट्टी थांबविता येते.